डोळ्यांच्या आनुवंशिक आजारांवर पीएचडी करायची आहे? खान्देशातून सुरुवात अशी करा

गेल्या महिन्यात शहाद्याच्या एका मुलीचा फोन आला. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. "ताई, मला डोळ्यांच्या जेनेटिक्समध्येच पीएचडी करायची आहे. सगळे म्हणतात आधी नेट परीक्षा काढ, मग बघू. मी नेमकं काय करू?" आम्ही दोन तास बोललो. असाच प्रश्न चोपड्याहून येतो, साक्रीहून येतो, पाचोऱ्याहून येतो. म्हणून तिला जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढते.

मी अमळनेर तालुक्यातली. एम.एस्सी. जळगावला, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात केली. सध्या हैदराबादला डोळ्याच्या पडद्याच्या आनुवंशिक आजारांवर काम करते. या कामाकडे मी वळले ती माझ्या मोठ्या मामामुळे.

दिवस कलला की मामाला दिसायचं नाही. कपाशीची वेचणी उरकून बाकीचे गाठोडी बांधत असायचे, तेव्हा मामा उजेड आहे तोवर बैलांना पाणी पाजून घ्यायचा आणि गाडीच्या मागच्या दांडीला हात लावून उभा राहायचा. अंधार पडला की ती दांडी धरूनच घरापर्यंत चालत यायचा. घरात सगळे म्हणायचे, रातांधळेपणा आहे, गाजर द्या, कलेजी द्या. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रात्री दिसत नाही हे खरंच आहे, आणि तो दोष उपचाराने बराही होतो. मामाचा मात्र हटला नाही. चाळिशीत समोरच्या माणसाचा चेहरा त्याला ओळखू यायचा, पण पायाशी ठेवलेला तांब्या दिसायचा नाही. नळीतून पाहावं तसं. या आजाराचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा, हे मला एम.एस्सी.ला कळलं. जगात साधारण चार हजारांत एकाला होतो. पडद्यावरच्या अंधुक उजेडात काम करणाऱ्या शलाका पेशी आधी मरतात, मग शंकू पेशी. त्यामागे ८०हून जास्त जनुकांपैकी कुठल्याही एकातला दोष असू शकतो.

पीएचडीची तयारी पुस्तकापासून करू नका, एका कुटुंबाची वंशावळ काढण्यापासून करा. परीक्षा द्यायचीच आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय. पण या विषयातलं सगळं काम कुटुंबापासून सुरू होतं. प्रयोगशाळेत कितीही महागडं यंत्र असलं तरी वंशावळ चुकली की पुढचं सगळं चुकतं. आणि इथे खान्देशातल्या मुलामुलींचा हात वरचा आहे. आपल्याला सोयरीक कळते, कोणाची आत्या कुठल्या गावी दिली हे विचारता येतं, आणि अहिराणी बोललं की म्हातारी माणसं मोकळी होतात.

वंशावळीच्या खुणा अशा. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. आजार असेल तर आतून काळा भरायचा. माणूस वारलं असेल तर तिरकी रेघ. नात्यात लग्न झालं असेल तर नवराबायकोमध्ये एक रेघ न काढता दोन काढायच्या. ज्याच्यापासून तपास सुरू झाला त्याला बाण, त्याला प्रोबँड म्हणतात. कमीत कमी तीन पिढ्या. कागद आडवा घ्या, उभ्यावर बहीणभावंडं मावत नाहीत.

प्रश्न कसे विचारायचे, यात खरं कौशल्य आहे. "घरात कोणाला आनुवंशिक आजार आहे का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं. मी आजीला विचारलं तेव्हा तीही नाहीच म्हणाली होती. मग विचारलं, संध्याकाळी अंगणात कोण ठेचकाळायचं? तेव्हा ती लगेच म्हणाली, तुझी मधली मावशी. ती मावशी कशालाही अडखळायची म्हणून तिला धांदरट म्हणायचे. तिच्या डोळ्यांचं कधी कोणाच्या मनातच आलं नव्हतं. एका कॅम्पमध्ये तर मुलाची चौकशी चालली असताना शेजारी बसलेली त्याची आजी हळूच म्हणाली, "मन्ही मायलेबी असंच व्हतं." त्या एका वाक्याने वंशावळीत एक अख्खी पिढी वाढली.

ऐकू कमी येतं का, हे विचारायला विसरू नका. रातांधळेपणाबरोबर जन्मापासून बहिरेपणा असेल तर अशर सिंड्रोमचा विचार करावा लागतो. हाताला किंवा पायाला सहावं बोट होतं का, हेही विचारा, आणि पुढे जोडून विचारा की लहानपणी दोरा बांधून पाडलं का, कापलं का. आता हातावर पाच बोटं दिसतात म्हणून कोणी सांगत नाही, आणि बार्डेट-बीडल सिंड्रोमची (यात डोळ्याचा पडदाही बिघडतो) खूण निसटते. फक्त मुलग्यांना होतं आणि आजार आईकडून येतो, असं दिसलं तर एक्स गुणसूत्राकडे बघा. तरुण मुलाची मधली नजर काही आठवड्यांत गेली, वेदना नाही, आणि आईच्या माहेरी असं आधी घडलंय, तर लेबर या डॉक्टरच्या नावाने ओळखला जाणारा डोळ्याचा आजार असू शकतो. तो मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतून येतो, म्हणजे आईकडूनच. त्याचा पहिला दोष, त्या डीएनएतल्या ११७७८ क्रमांकाच्या जागेवरचा, १९८८ साली सापडला. तान्ह्या बाळाचे डोळे फार टपोरे म्हणून घरचे कौतुक करत असतील आणि डोळ्यांतून सारखं पाणी येत असेल, उजेड सोसत नसेल, तर जन्मजात काचबिंदूसाठी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे पाठवा. मोबाईलच्या फोटोत मुलाच्या बुबुळात पांढरी चमक दिसली तर त्याच दिवशी. तो रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोग असू शकतो, आणि तिथे जीव वाचवण्याचा प्रश्न असतो.

आमच्या घरात माझे आजोबा-आजी मामे-आतेभावंडं. म्हणजे वंशावळीत दोन रेघा. दोघांनाही दिसायला काही त्रास नव्हता. पाच मुलांपैकी मामा आणि मधली मावशी यांना आजार. आईबाप निरोगी, नात्यातलं लग्न, मुलगा आणि मुलगी दोघांनाही झाला, यावरून अप्रभावी वारशाकडे बोट जातं, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि बापाकडची, सदोष असल्या तरच आजार होतो. माझी आई निरोगी आहे. मग ती वाहक, म्हणजे एकच सदोष प्रत असलेली, असण्याची शक्यता किती? बरेच विद्यार्थी अर्धी म्हणतात. चूक. चार शक्यतांमधली आजाराची एक बाद झाली, उरल्या तीन, त्यातल्या दोन वाहकाच्या. म्हणून दोन-तृतीयांश. हा प्रश्न मला मुलाखतीत विचारला होता. मी आईचं उदाहरण देऊन उत्तर दिलं, आणि त्यानंतर पॅनेलने अर्धा तास फक्त माझ्या वंशावळीवरच प्रश्न विचारले.

आता परीक्षा. लाईफ सायन्स, बायोटेक, झूलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रो, यातलं कशातही एम.एस्सी. चालतं. ऑप्टोमेट्री केलेल्यांनाही वाट आहे, आणि कॉम्प्युटरची पदवी असलेल्यांची तर फार गरज आहे. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीसाठी पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्ग आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सवलत आहे. मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा.

सीएसआयआर-नेट वर्षातून दोनदा होते. लाईफ सायन्सचा पेपर २०० गुणांचा, तीन तासांचा. अ भागात २० पैकी १५ प्रश्न, ब मध्ये ५० पैकी ३५, क मध्ये ७५ पैकी २५. क भागातला प्रश्न चार गुणांचा असतो आणि निकाल तिथेच ठरतो. आनुवंशिकीचं युनिट आठवं. वंशावळीची गणितं तिथेच येतात. ज्याने चार घरच्या वंशावळी स्वतः काढल्या आहेत त्याला ही गणितं पाठ करावी लागत नाहीत. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढे वरच्या टप्प्याच्या एसआरएफचे ४२,०००, आणि घरभाडं वेगळं. नेटवरच अडून बसू नका. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) यांच्या जेआरएफ, आणि गेट, यांचेही अर्ज भरा. जेआरएफ हुकली तर सारथी, बार्टी, महाज्योती आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय यांच्या पीएचडी फेलोशिप आहेत. त्यांच्या जाहिराती आपल्याकडे उशिरा पोचतात आणि जातपडताळणी, नॉन-क्रिमीलेअर यांची कागदपत्रं ऐनवेळी मिळत नाहीत. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षीच ती तयार करून एका फाईलला लावून ठेवा.

प्रयोगशाळा कशी निवडायची? भारतात या विषयात जुनी आणि भक्कम कामं झालेली ठिकाणं प्रामुख्याने दक्षिणेत आहेत. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था, चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचं व्हिजन रिसर्च फाउंडेशन, मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची संशोधन संस्था, बेंगळुरूचं नारायण नेत्रालय. उत्तरेत दिल्लीच्या एम्सचं डॉ. राजेंद्र प्रसाद केंद्र. डोळ्यांचं रुग्णालय नसलेल्या, पण जनुकशास्त्रात मोठं काम करणाऱ्या संस्थांमध्ये हैदराबादची सीसीएमबी आणि दिल्लीची आयजीआयबी आहेत. खान्देशातून जाणं अवघड नाही. मनमाडहून अजिंठा एक्स्प्रेस हैदराबादेकडे जाते, आणि नवजीवन तर नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत थेट चेन्नईला.

संस्थेच्या नावापेक्षा या गोष्टी विचारा. प्रयोगशाळेच्या शेजारी ओपीडी आहे का, आणि रुग्णांची कुटुंबं वर्षानुवर्षं परत येतात का? पीएचडीची पदवी नक्की कोणत्या विद्यापीठाची मिळणार? कारण एम्ससारखा अपवाद सोडला तर रुग्णालय स्वतः पदवी देत नाही, ते एखाद्या विद्यापीठाशी जोडलेलं असतं. तिथल्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? त्या विद्यार्थ्यांना एकट्याने फोन करून विचारा, सरांसमोर नको. मार्गदर्शकाची माझी पारख सोपी आहे: त्यांच्या शोधनिबंधांत विद्यार्थ्याचं नाव पहिलं येतं का ते बघते.

मी स्वतः सुरुवातीला फार मोठी चूक केली. चाळीस शास्त्रज्ञांना एकच ईमेल एकदम पाठवला, "रिस्पेक्टेड सर/मॅडम" करून, सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसत होते. एकाचंही उत्तर आलं नाही, आणि त्या आठवड्यात मला वाटलं की आपल्या विद्यापीठाचं नाव वाचूनच मेल बंद करत असतील. तसं नव्हतं. पुढच्या वेळी एकाच मॅडमचे तीन शोधनिबंध वाचले, त्यातल्या एका तक्त्यावर मला पडलेला प्रश्न लिहिला, मामाची वंशावळ नावं काढून जोडली, आणि दोन महिने बिनपगारी काम करायची तयारी आहे असं सांगितलं. दहा ओळींचा मेल. तीन दिवसांत उत्तर आलं. तुम्हीही असाच लिहा. आठवडाभर उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग पुढच्या शास्त्रज्ञाकडे वळा.

शिकत असतानाच आत शिरायचं असेल तर बेंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस आणि इतर दोन अकादम्यांची मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे राहून काम करायचं, विद्यावेतनही मिळतं. एम.एस्सी.चं डिझर्टेशनही बाहेर करायची परवानगी मिळत असेल तर जरूर घ्या.

घरी बसून, एक रुपया न घालता जी तयारी होते, तिच्यावर मी सगळ्यात जास्त भर देईन. एक जनुक निवडा. आरपीई६५ घ्या, कारण त्याची पूर्ण गोष्ट वाचायला मिळते. त्याच्या दोन्ही प्रतींत दोष असला की बाळाला जन्मापासून फार कमी दिसतं. त्यावरची जनुक उपचारपद्धती, लक्सटर्ना, अमेरिकेत डिसेंबर २०१७मध्ये मंजूर झाली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून चांगलं जनुक पडद्याखाली सोडतात. आधी ओमिमवर, म्हणजे जनुकं आणि आनुवंशिक आजारांच्या ऑनलाईन सूचीत, या जनुकाची नोंद वाचा. मग क्लिनव्हारवर, जिथे जनुकांतले बदल आणि त्यांचा आजाराशी संबंध नोंदवतात, त्यातले दहा बदल निवडा आणि प्रत्येक बदल जगात किती जणांत सापडतो ते नोमॅड या माहितीसाठ्यात बघा. मग तोच बदल भारतीयांत बघा, आयजीआयबीने १,०२९ भारतीयांच्या जीनोमवरून केलेल्या इंडिजीनोम्समध्ये. युरोपात दुर्मीळ म्हणून संशयित ठरलेला बदल आपल्याकडे निरोगी माणसांत सर्रास आढळू शकतो. आणखी दहा हजार भारतीयांचे जीनोम जीनोम इंडिया प्रकल्पाने वाचले आहेत. दहा बदलांचा तक्ता करा, आणि अमेरिकेतल्या जनुकतज्ज्ञांच्या एसीएमजी या संस्थेच्या २०१५च्या नियमांप्रमाणे प्रत्येकाला पाचपैकी एक वर्ग द्या: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. नंतर क्लिनव्हारचा वर्ग उघडून जुळतो का बघा. जिथे जुळत नाही तिथे का, ते लिहा. असा एक तक्ता मेलला जोडला तर समोरचा माणूस तो उघडून बघतोच.

मधल्या वर्गाबद्दल, ज्याला व्हीयूएस म्हणतात, थोडं जास्त सांगते. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने एका तपासणी केंद्रातून जीन टेस्ट करून आणली. रिपोर्टवर व्हीयूएस लिहिलं होतं. ज्याने रिपोर्ट हातात दिला त्याने "हाच दोष आहे" असं सांगून टाकलं. धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं, ती बोलणी मोडली. नंतर घरातल्या सगळ्यांचे नमुने तपासले तेव्हा कळलं, पंचेचाळीस वर्षांच्या, उत्तम नजर असलेल्या मोठ्या भावाकडेही तोच बदल दोन्ही प्रतींत होता. म्हणजे आजाराचं कारण तो नव्हताच. त्या मुलीची बोलणी पुन्हा सुरू झाली नाहीत. घरातल्या आजारी आणि निरोगी माणसांत बदल कसा वाटला गेलाय हे बघणं, याला सेग्रिगेशन म्हणतात. हे काम कंटाळवाणं वाटतं, प्रवास करावा लागतो, पण ते सोडून निष्कर्ष काढू नका. मी तुम्हाला विनवून सांगते.

याच कारणासाठी एक गोष्ट कडक पाळा. उत्साहात गावात जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायला लागू नका. एथिक्स कमिटीची परवानगी, लेखी संमतीपत्र आणि प्रशिक्षित माणूस, या तिन्हीशिवाय सुईला हात लावायचा नाही. संमतीपत्र मराठीत छापलेलं असतं, पण समजावताना अहिराणीत, तावडीत, पावरीत, भिलीत, त्या माणसाच्या बोलीतच समजवा. रिपोर्ट ओट्यावर बसून सांगू नका, सासरच्यांसमोर तर अजिबात नाही. आणि "उपचार निघालाय" असं म्हणू नका. लक्सटर्ना फक्त आरपीई६५च्या रुग्णांसाठी आहे, आणि अमेरिकेत तिची जाहीर किंमत दोन्ही डोळ्यांची मिळून साडेआठ लाख डॉलर होती.

विषय शोधायला हैदराबादलाच जावं लागतं असंही नाही. नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल आहे. कोयत्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्याही तुंबवतात, आणि सुरुवातीला माणसाला काहीच जाणवत नाही. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३मध्ये सुरू झालं. या रुग्णांचे पडदे वेळेवर तपासणं, कोणाला त्रास होतो आणि कोणाला नाही यामागे आणखी कोणती जनुकं आहेत हे शोधणं, हा पुऱ्या पीएचडीचा विषय आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलामुलींनी हा विषय घ्यावा असं मला फार वाटतं.

परदेशाबद्दल थोडक्यात. लंडनची यूसीएल इन्स्टिट्यूट ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी मूरफील्ड्स रुग्णालयाला जोडलेली आहे, अमेरिकेत नॅशनल आय इन्स्टिट्यूट आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळू शकते. पण माझं मत, पीएचडी इथे रुग्णांच्या जवळ राहून करावी आणि मग बाहेर जावं.

प्रयोगशाळेतला पहिला दिवस मला अजून आठवतो. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त, पेशी फोडून झाल्यावर उरलेलं गढूळ पाणी, आणि त्यात गार अल्कोहोल हळूच सोडलं. नळी दोनदा उलटी-सुलटी केली, तशी आत पांढरी तार जमू लागली. बोंड फुटल्यावर सरकीला चिकटून राहतो ना, तेवढाच बारीक कापूस. तो डीएनए होता. मामाचा नमुना तेव्हा माझ्या हातात नव्हता, तो दुसऱ्या सहकाऱ्याने केला, कारण घरच्याचा नमुना आपण करायचा नसतो. पुढे मामाचा दोष सापडला, दोन्ही प्रतींत तोच. मामाची नजर परत येणार नाही, हे त्याला मीच सांगितलं. तो म्हणाला, मग पोरांचं काय? त्याच्या तिन्ही मुलांकडे एकेक प्रत असणारच. त्यांनी नात्यात लग्न करू नये, एवढं त्या दिवशी खाटेवर बसून ठरलं, आणि थोरल्याची सोयरीक गेल्या वर्षी बाहेर झाली.

शहाद्याच्या त्या मुलीने परवा मला तिच्या घरची वंशावळ व्हॉट्सॲपवर पाठवली. छान काढली आहे, दोन रेघाही बरोबर. उजव्या बाजूला एक गोल मोकळाच आहे, त्यात प्रश्नचिन्ह. आजीची बहीण, साक्रीकडे दिलेली, कोणाला नीट माहीत नाही. शास्त्रज्ञाला पाठवायचा मेल मी तिला थांबवायला सांगितलाय. या रविवारी ती आजीला घेऊन साक्रीला चालली आहे.